धाकट्याच्या पावलांनी मोजा

या अंकातली तिन्ही पत्रं जर्मनीतल्या श्टुटगार्ट परिसरात बिऱ्हाड हलवणाऱ्या घरांतून आली आहेत. चाकण पट्ट्यातल्या गाड्यांच्या आणि सुट्या भागांच्या कारखान्यांचा त्या भागाशी रोजचा संबंध, त्यामुळे अशी पत्रं वरचेवर येतात. मी २००८ मध्ये नऊ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी घेऊन तिकडे गेले. आजही तिथेच राहते. म्हणून पहिलं उत्तर नेहमीपेक्षा लांबलं आहे.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही चिंचवडला सातव्या मजल्यावर राहतो. यांना कंपनी येत्या जानेवारीत तीन वर्षांसाठी श्टुटगार्टला पाठवते आहे, पुढे मुदत वाढूही शकते. ऑफिस फाइहिंगन भागात आहे. मुलगी चौदा वर्षांची, आठवीत. मुलगा तिसरीत, मार्चमध्ये त्याला नऊ पूर्ण होतील. दोघंही इंग्रजी माध्यमात. मी बँकेतली नोकरी सोडून येणार आहे. घरासाठी तीन पर्याय आहेत. एक, फाइहिंगनमध्येच ऑफिसपासून दहा मिनिटांवर फ्लॅट, पण भाडं सर्वांत जास्त. दोन, ब्योब्लिंगनमध्ये, तिथे एकाच इमारतीत चार भारतीय कुटुंबं आहेत. तीन, हेरेनबर्गच्याही पुढे एका गावात बागेसकट मोठं घर, भाडं सर्वांत कमी. सासूबाई म्हणतात, परक्या देशात आपली माणसं शेजारी हवीत. यांना बागेचं घर आवडलंय. पहिले तीन महिने कंपनी सामानासकट तात्पुरता फ्लॅट देईल. आम्ही काय करावं?
— एक आई, चिंचवड

उत्तर : तुमच्या पत्रात ऑफिस किती मिनिटांवर आहे ते आहे, कुठलं भाडं कमी आणि कुठलं जास्त ते आहे, बागसुद्धा आहे. मुलाच्या शाळेचा उल्लेख कुठेच नाही. ते साहजिक आहे. चिंचवडला शाळेची बस फाटकाशी येते, त्यामुळे घर आणि शाळा या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या ठरवतो. तिकडे तसं होत नाही. पहिली ते चौथीच्या शाळेला ग्रुंडशूल म्हणतात आणि तिथे मूल चालत जातं. पहिलीतलं मूलसुद्धा पहिले काही आठवडे झाले की शेजारच्या मुलांबरोबर एकटं निघतं. आईबापांनी गाडीतून दारापर्यंत सोडणं शाळांना आवडत नाही. आणि सरकारी ग्रुंडशूल आपण निवडत नाही. ज्या रस्त्यावर राहायला जाल, त्या रस्त्याला जी शाळा लावून दिलेली असेल, तीच तुमची.

आता यातली मेख. जर्मन अजिबात न येणाऱ्या मुलांना आधी पूर्वतयारीच्या वर्गात बसवतात. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे तुम्ही जाताय तिथे, अशा वर्गाला फोरबेराइटुंग्सक्लासं म्हणतात. सगळे पालक नुसतं ‘फाउ-का-एल’ म्हणतात. हा वर्ग प्रत्येक शाळेत नसतो. म्हणजे घरासमोर शाळा असूनही तुमच्या मुलाला दुसऱ्याच भागातल्या शाळेत जावं लागू शकतं. घर घेताना हे कुणी सांगत नाही. एजंटला ते माहीत नसतं, आणि ऑफिसातल्या एचआरलाही बहुधा नसतं.

आम्हालाही नव्हतं. २००८ च्या ऑगस्टमध्ये आम्ही श्टुटगार्टच्या एका टेकडीच्या उतारावर चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. श्टुटगार्ट हे खोलगट वाटीसारखं शहर. कडेच्या टेकड्यांवर घरं, मध्येच द्राक्षांचे मळे, आणि उतारावरून खाली जाणारे दगडी जिने. खिडकीतून सगळी वाटी दिसायची. पाहुण्यांना मी आधी त्या खिडकीपाशी न्यायची. मुलाला जागा मिळाली ती मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत. आधी बस, मग ट्राम, मग सात मिनिटं चालत. दोन महिने मी धाकटीला कडेवर घेऊन त्याला सोडायला-आणायला गेले. मग तो एकटा जायला लागला.

नोव्हेंबरात एकदा ट्रामची लाइन बंद पडली. सगळ्यांना उतरवून बदली बसमध्ये बसवलं, आणि हा चुकीच्या बसमध्ये चढला. सूचना जर्मनमधून होत्या, त्याला कळल्या नाहीत. दीड तास त्याचा पत्ता नव्हता. शेवटी एका बेकरीवाल्या बाईंचा फोन आला. त्याच्या दप्तरात मी नंबर लिहून ठेवला होता. मी पोहोचले तेव्हा तो उंच स्टुलावर बसून ब्रेट्झेल खात होता आणि मला बघून हसला. मी मात्र त्या दिवशी घरी येऊन खूप रडले.

तरी हरवणं ही त्यातली मोठी गोष्ट नव्हती. मोठी गोष्ट त्याने स्वतःच एका रविवारी सांगितली : “आई, माझे सगळे मित्र तिकडेच राहतात.” शाळा दुपारी सुटायची. बाकीची मुलं घरी जेवून चार वाजता परत त्याच मैदानावर जमायची. हा तोपर्यंत आमच्या टेकडीवर आलेला असायचा, आणि टेकडीवरची मुलं त्याला ओळखत नव्हती, कारण तो त्यांच्या शाळेतला नव्हता. जर्मन भाषा मुलं वर्गात शिकतात त्यापेक्षा किती तरी जास्त त्या चार वाजताच्या मैदानावर शिकतात. माझ्या मुलाचं ते मैदान चौदा महिने बुडालं, आणि ते एका खिडकीपायी बुडालं.

चौदा महिन्यांनी आम्ही ब्योब्लिंगनला तळमजल्यावर तीन खोल्यांत आलो. खिडकीतून समोरच्या गाड्या दिसतात. शाळा नऊ मिनिटांवर, फुटबॉलचा क्लब तिच्या मागे. तीन आठवड्यांत दाराची बेल वाजली आणि एका मुलाने विचारलं, तो खेळायला येतो का?

तेव्हापासून मला कुणी विचारलं की मी एकच सांगते. घरात ज्याचं वय सर्वांत कमी आणि भाषा सर्वांत कमी, त्याच्या वाट्याला अंतर सर्वांत कमी येऊ द्या. तुमच्या यजमानांना ऑफिसात इंग्रजी चालेल, हातात पगार आहे, फोनमध्ये नकाशा आहे. अर्धा तास ट्रेनने जाणं त्यांना जड नाही. मुलीला चौदाव्या वर्षी महिन्याभरात ट्रेन बदलणं जमेल. नऊ वर्षांच्या मुलाने चालतच जावं.

आता तुमचे तीन पत्ते. हेरेनबर्गपलीकडचं घर यादीतून काढा. यजमानांना बाग का आवडली ते मला समजतं, चिंचवडच्या सातव्या मजल्यावरून कुणालाही आवडेल. पण एस-१ ही लोकल हेरेनबर्गला संपते. पुढे बस, आणि लहान गावात ती संध्याकाळनंतर विरळ होते. गाडीशिवाय तिथे राहता येत नाही. भारतीय लायसन्स तिकडे राहायला गेल्यापासून सहा महिनेच चालतं, मग लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा देऊन जर्मन लायसन्स काढावं लागतं. ते महाग असतं आणि वेळही खातं. तोवर तुम्ही आणि मुलगी दोघी त्या बागेत अडकाल. चौदा वर्षांच्या मुलीला प्रत्येक मैत्रिणीकडे जायला बाबांची वाट बघावी लागली, तर तिचं पहिलं वर्ष त्या बागेच्या कुंपणाच्या आत जाईल.

फाइहिंगन आणि ब्योब्लिंगन दोन्ही चांगले. दोन्ही एस-१ वर आहेत आणि मध्ये दहा-पंधरा मिनिटांचंच अंतर आहे. यातलं कोणतं, ते तुम्ही ठरवू नका, शाळेच्या जागेला ठरवू द्या. दोन्हीकडच्या शिक्षण कार्यालयांना आजच ईमेल टाका : तिसरीतला मुलगा, जर्मन येत नाही, जानेवारीत येतोय, पूर्वतयारीचा वर्ग कोणत्या ग्रुंडशूलमध्ये आहे आणि जागा आहे का? ईमेल जर्मनमध्ये लिहून घ्या. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात शिकलेलं ओळखीचं कुणी तरी सहज सापडेल. जिथून होकार येईल त्या शाळेपासून चालत पंधरा मिनिटांच्या आतलं घर शोधा. एक खोली कमी मिळाली तरी चालेल.

भारतीय इमारतीबद्दल सासूबाईंशी वाद घालू नका, त्या अर्ध्या बरोबर आहेत. पहिल्या हिवाळ्यात चार वाजता अंधारून येतं आणि तुम्हाला कुणाशी तरी मराठीत, निदान हिंदीत बोलायचं असतं. ताप आला तर कोणत्या डॉक्टरकडे जायचं, हे विचारायला दार हवं असतं. पण चार घरं एका जिन्यात असली की मुलं अंगणात आपापसात खेळतात, इंग्रजी-हिंदीत, आणि चार वाजताचं ते मैदान पुन्हा बुडतं. आपली माणसं दोन स्टेशनं लांब असावीत असं माझं मत. गणपतीला, दिवाळीला, आजारपणात धावून जाता येतं, रोज संध्याकाळी पाय तिकडेच वळत नाहीत. ब्योब्लिंगन ठरलं तर त्या चार कुटुंबांशी आधीच ओळख करून घ्या, घर मात्र दुसऱ्या गल्लीत बघा.

तात्पुरत्या फ्लॅटबद्दल लिहिलंत ते बरं झालं, कारण इथे सर्वांत जास्त फसगत होते. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. तो पत्ता नोंदला की मुलाची शाळा त्या पत्त्याप्रमाणे ठरते. मग कंपनीने शहराच्या उत्तरेला फ्लॅट दिला आणि तीन महिन्यांनी तुम्ही दक्षिणेला ब्योब्लिंगनला गेलात, की मुलाची दुसऱ्यांदा शाळा बदलली. चार शब्द शिकून एक मित्र झालेला असतो तेव्हाच. म्हणून कंपनीला स्पष्ट सांगा की तात्पुरता फ्लॅट आम्हाला याच भागात हवा. लहान असला तरी चालेल, पण इथेच. जमलंच नाही, तर यजमानांनी पुढे एकट्याने जावं आणि पक्कं घर मिळाल्यावर तुम्ही तिघं जा. मुलांना तीन महिने उशीर झाला तर काही बिघडत नाही.

चौथीबद्दल एक सांगायला हवं, कारण त्याने घरात भांडणं होतात. चौथीनंतर तिकडे वाटा फुटतात. थेट विद्यापीठाकडे नेणारी गिम्नाझिउम, दहावीपर्यंतची रेआलशूल, सगळ्या पातळ्यांची मुलं एकत्र शिकतात ती गेमाइनशाफ्ट्सशूल, अशा वेगवेगळ्या शाळा. २०२४-२५ पासून या राज्यात नियम बदलले. शिक्षकांचं मत, चौथीच्या नोव्हेंबरात होणारी जर्मन आणि गणिताची ‘कोम्पास ४’ चाचणी आणि पालकांची इच्छा, या तिन्हींचा मेळ बघतात. शिक्षक आणि चाचणी दोन्ही गिम्नाझिउम सुचवत नसतील आणि पालकांचा तरीही आग्रह असेल, तर मुलाला आणखी एक चाचणी द्यावी लागते. तुमचा मुलगा जानेवारीत आला की दहा महिन्यांत हा नोव्हेंबर येतो. परक्या भाषेत दहा महिने. म्हणून शाळा म्हणाली की याला एक वर्ष खाली बसवू, तर कृपा करून हो म्हणा. आपल्याकडे वर्ष वाया जाणं हा शब्दप्रयोगच भयंकर आहे. तिकडे वर्गात काही जणं वर्षाने मोठी असतात आणि कुणी लक्ष देत नाही.

आणि गिम्नाझिउम नाही मिळालं तर? माझ्या मुलाला नाही मिळालं. आमच्या वेळी शाळेची शिफारस बंधनकारक होती. आम्ही दोघं नवरा-बायको आठवडाभर एकमेकांशी धड बोललो नाही. तो रेआलशूलला गेला, दहावी चांगली केली, मग तीन वर्षांच्या तांत्रिक गिम्नाझिउममधून आबिटुअर, म्हणजे विद्यापीठ-प्रवेशाची परीक्षा, पास झाला आणि इंजिनीअर झाला. या राज्यात या मार्गाने जाणारी मुलं पुष्कळ आहेत. तेव्हा केवळ गिम्नाझिउमच्या नावाखातर महागड्या भागात घर घेऊ नका. दहा-अकराव्या वर्षानंतरच्या शाळांना अशी रस्त्यांची हद्दही नसते, मूल ट्रेनने दुसऱ्या गावच्या शाळेत जाऊ शकतं.

मुलीचा प्रश्न घराचा कमी आणि खऱ्या मुदतीचा जास्त आहे. तीन वर्षं म्हणजे तीनच वर्षं असतील, तर ती सतराव्या वर्षी परत येणार. तिला आंतरराष्ट्रीय शाळेत घालता आलं तर बरं, पण फी वर्षाला पाच आकडी युरोंत जाते, ती कंपनीनेच द्यायला हवी. हे करारात लिहून घ्या, तोंडी आश्वासनावर जाऊ नका. श्टुटगार्टच्या डेगरलोख भागात अशी शाळा आहे. फाइहिंगन किंवा ब्योब्लिंगनहून ती गाडी बदलून जाऊ शकेल. मुदत वाढण्याची शक्यता मनात खरोखर असेल, तर तिलाही जर्मन शाळेत घाला, आणि पहिलं वर्ष अतिशय कठीण जाईल हे तिला आधी सांगा. गिम्नाझिउममध्ये सहावीपासून दुसरी परकी भाषा सुरू झालेली असते, फ्रेंच किंवा लॅटिन. म्हणजे आठवीत येणाऱ्या मुलीसमोर जर्मनच्या मागे आणखी एक डोंगर उभा असतो. तिच्यासाठी रेआलशूल किंवा गेमाइनशाफ्ट्सशूलची वाट जास्त माणुसकीची आहे. यजमानांना विचारा, मुदत वाढली तर हो म्हणायचं का? ते उत्तर तुम्हा दोघांत आजच व्हायला हवं, मुलगी दहावीत गेल्यावर नाही.

तुमच्याबद्दल दोन वाक्यं, कारण तुम्ही स्वतःबद्दल एकच लिहिलंत. ग्रुंडशूल पुष्कळ ठिकाणी दुपारी बारा-एकला सुटते. २०२६ च्या ऑगस्टपासून पूर्ण दिवसाच्या देखरेखीचा कायदेशीर हक्क येतोय, पण तो पहिलीच्या मुलांपासून सुरू होतो, तुमचा मुलगा त्यात बसत नाही. तेव्हा घर बघतानाच त्या शाळेत दुपारची सोय आहे का आणि तिथे रांग किती आहे, हे विचारा. प्रौढांसाठीच्या फोल्क्सहोखशूलमध्ये जर्मनचे वर्ग असतात, ते घरापासून चालत किंवा एका बसच्या अंतरावर असावेत. बँकेत काम केलेल्या बाईने तीन वर्षं फक्त डबे भरू नयेत.

घर पक्कं करण्याआधी यजमानांना एक काम द्या. शाळेच्या दिवशी सकाळी साडेसातला त्या घरापासून शाळेपर्यंत चालत जायचं. जानेवारीत सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो, शाळा त्याआधीच भरते, त्यामुळे ते अंधारात जातील. पाठीवर चमकत्या पट्ट्यांची दप्तरं घेतलेली मुलं किती दिसतात ती मोजायची. रस्ता कुठे ओलांडावा लागतो आणि तिथे सिग्नल आहे का, ते बघायचं. मग दुपारी चारला पुन्हा जायचं आणि मैदानावर किती मुलं आहेत ते बघायचं. मग सही करायची.

सहीच्या वेळी करारात एक कलम शोधा. साधारणपणे भाडेकरूला तीन महिन्यांची नोटीस देऊन घर सोडता येतं. काही करारांत मात्र ठरावीक काळ घर सोडणार नाही असं लिहून घेतात, आणि कायद्याने ते चार वर्षांपर्यंत चालतं. माझ्यासारखी चूक झाली तर चौदा महिन्यांत निघता आलं पाहिजे.

प्रश्न : नमस्कार. मी मूळचा कोल्हापूरचा, चार महिन्यांपूर्वी झिंडेलफिंगनला एकटा आलो. बायको आणि सात वर्षांची मुलगी सहा महिन्यांनी येणार. तीसेक घरांसाठी अर्ज केले, दोनच उत्तरं आली. एका ठिकाणी घर दाखवलं तर स्वयंपाकघरात नुसत्या भिंती होत्या. कसं करावं?
— एक वाचक

उत्तर : भिंतींना घाबरू नका, तिकडे तीच रीत आहे. पुष्कळ घरं ओटा, कपाटं, शेगडी काहीही नसताना मिळतात. आधीचा भाडेकरू आपला ओटा विकून जात असेल तर तो घासाघीस करून घ्या. नवा बसवायला आठवडेच्या आठवडे लागतात आणि मुलगी आल्यावर तुम्हाला वरण-भात शिजवायचा आहे. खोल्या मोजताना बैठकीची खोली धरतात, स्वयंपाकघर-न्हाणीघर नाही. म्हणजे तिकडचं तीन खोल्यांचं घर हे आपलं टू-बीएचके. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतं ते थंड भाडं. त्यात हीटिंग, पाणी, कचरा धरला की गरम भाडं होतं, आणि वीज त्याहून वेगळी. हिशेब गरम भाड्यावर करा. अनामत तीन थंड भाड्यांपेक्षा जास्त मागता येत नाही, आणि ती तीन महिन्यांत हप्त्यांनी द्यायचा तुम्हाला हक्क आहे. एजंट घरमालकाने नेमला असेल तर त्याचे पैसे मालकाने द्यायचे, हा कायदा २०१५ पासून आहे.

उत्तरं येत नाहीत, कारण अर्जात तुम्ही फक्त एक परकं नाव आहात. एक पानाचं पत्र जर्मनमध्ये लिहा : मी कोण, कुठे काम करतो, करार कायमचा आहे का, मुलगी सात वर्षांची आहे आणि तिला जवळच्या शाळेत घालायचं आहे. तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि शूफाचा, म्हणजे आर्थिक पत सांगणारा, दाखला सोबत जोडा. काही घरमालक भारतीय नाव बघून नाही म्हणतात, ते दुखतं. मला दोनदा फोनवर स्वयंपाकाच्या वासाबद्दल विचारलं गेलं. त्यावर मी उपाय शोधला नाही, पुढच्या घराला फोन केला. ऑफिसातल्या जर्मन सहकाऱ्याने फोन केला की फरक पडतो. लाजू नका, सांगा त्याला.

आणि जिन्यात केरवोखंची पाटी दारावर लटकलेली दिसली की समजा या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची. श्वेबिश, म्हणजे श्टुटगार्टच्या भागातल्या लोकांचा हा जुना रिवाज, पुष्कळ करारांत लिहिलेला असतो. त्या शब्दातला ‘केर’ आपल्या केर काढण्यातल्या केरासारखाच ऐकू येतो, तेव्हा विसरायचा प्रश्न नाही. तो मन लावून करा. आमच्या शेजारच्या आजी वर्षभर माझ्याशी बोलत नव्हत्या. पहिल्या बर्फात मी सकाळी लवकर उठून सगळ्यांच्या वाटेवरचा बर्फ काढला आणि दुपारी त्या केक घेऊन आल्या. माझ्या मुलीला आजारपणात सांभाळलं ते त्यांनीच.

प्रश्न : मावशी, मी नाशिकची, तेरा वर्षांची आहे. आम्ही मे महिन्यात लुडविग्सबुर्गला जाणार. घर बघणं चालू आहे. आई-बाबा व्हिडिओ कॉलवर घरं बघतात, मला कुणी काही विचारत नाही. मी सहा वर्षं तबला शिकते. तो बहुतेक सुटणार. मी काय करू?
— तुमची एक वाचक

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू आई-बाबांना विचारायची वाट बघू नकोस, तूच सांग. कॉल चालू असताना शेजारी जाऊन बस आणि तीन गोष्टी विचार. मला दार लावता येईल अशी खोली आहे का? स्टेशन चालत किती लांब? आणि मजला कितवा, जमीन लाकडी आहे का?

स्टेशन यासाठी की लुडविग्सबुर्गहून एस-४ आणि एस-५ लोकल थेट श्टुटगार्टला जातात, आणि तेरा वर्षांची मुलं तिकडे एकटी फिरतात. स्टेशन जवळ असलं की तुझं जग मोठं होतं. गावात मोठा राजवाडा आहे, त्याच्या बागेत शरद ऋतूत हजारो भोपळ्यांचं प्रदर्शन भरतं, तिथे वर्गातल्या मुलींबरोबर जा. एखाद्या क्लबात नाव घाल, कुठल्याही. पहिल्या महिन्यात बोलता येणार नाही, पण हँडबॉलमध्ये चेंडू कुणाकडे टाकायचा हे बोलावं लागत नाही.

मजला मी तबल्यासाठी विचारायला सांगितला. तबला सोडायचं कारण नाही. गुरुजींना विचार, शनिवारी ऑनलाइन शिकवाल का? उन्हाळ्यात तिकडची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेचार तास. तिथली सकाळची अकराची वेळ म्हणजे नाशिकला दुपार, ती दोघांना जमेल. पण जुन्या इमारतीत लाकडी जमिनीतून डग्ग्याचा आवाज थेट खालच्यांच्या डोक्यावर जातो, म्हणून तळमजल्याचं घर माग. खाली तळघराशिवाय कुणी नसेल असं. ‘मी रोज चाळीस मिनिटं वाजवणार आहे’ हे बाबांनी घरमालकाला सही करण्याआधी सांगावं, लपवू नये. रात्री दहानंतर आणि रविवारी तिकडे शांतता पाळतात, त्या वेळा सोडून दे. सामानात डग्गा-तबला हाताशी घे, कंटेनरमध्ये टाकू नकोस, कंटेनर यायला महिने लागतात. राहायला गेल्यावर पहिल्या शनिवारी दुपारी चारला शेजाऱ्यांना ऐकायला बोलाव. आईला म्हणावं, चिवडा कर.